भाईला न दिलेला पार्ट

निजामपुऱ्यात एका गल्लीच्या तोंडाशी आमचं दुकान होतं. माझं आणि भाईचं. वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर, गिझर, घरातलं जे बिघडेल ते आमच्याकडे यायचं. मी गणेशपुरीकडच्या खेड्यातला, भातशेती करणाऱ्या घरातला. आयटीआय करून भिवंडीत आलो आणि इथलाच झालो. भाईचा जन्मच निजामपुऱ्यातला. त्याचे वडील पॉवरलूमचे फिटर होते. तो उर्दू शाळेत सातवीपर्यंत गेला आणि मग वडिलांच्या मागून लूमवर. विजेचं काम त्याला कुणी शिकवलं नाही. उघडून उघडून शिकला.

मी त्याला भाई म्हणायचो, तो मला भाऊ म्हणायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, हे दोघं थट्टा करतायत. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूम चालायचे, त्यामुळे आम्ही दिवसभर ओरडूनच बोलायचो. लाइट जायची, सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची, तरी आमचा आवाज खाली यायचा नाही. समोरचा पानवाला म्हणायचा, "अरे, झगडा कायकू करते?"

भांडण मात्र आमचं एकोणीस वर्षांत कधी झालं नाही. शेवटीही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

भाईची एक सवय होती. नवीन मॉडेलचं मशीन दुकानात आलं की दुरुस्ती झाल्यावरही तो ते लगेच देत नसे. आतलं कार्ड, म्हणजे मशीनचं डोकं असतो तो सर्किटचा बोर्ड, तो समोर ठेवायचा आणि एकेक रेघ शोधत त्याचा नकाशा काढायचा. कंपनी नकाशा द्यायची नाही, म्हणून हा. कागद कसला, तर जुन्या लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू. खुणा उर्दूत. मला उर्दू येत नाही, पण भाईचे नकाशे मी वाचायचो. कुठे करंट येतो, कुठे अडतो, कुठला भाग आधी मरतो, सगळं त्यात असायचं. कल्याणहून, शहापूरहून मेकॅनिक यायचे आणि त्या पत्रिकांचे फोटो काढून न्यायचे. भाई कुणाला नाही म्हणाला नाही. म्हणायचा, "ले जा. मशीन चालली पाहिजे, बस."

मग मशीनं बदलली. कार्डावर रबरासारखा लेप यायला लागला, म्हणजे खालचं काही दिसू नये. भाई तो लेप ब्लेडनं खरवडायचा, त्यात कधी खालची रेघच तुटायची. मग त्याही पुढची गोष्ट आली. जुनं कार्ड काढून नवीन बसवलं तरी मशीन चालेना, कारण कंपनीच्या मोबाइलवरून कोड टाकल्याशिवाय ते कार्ड मशीनला ओळखच देत नसे. तो मोबाइल आमच्याकडे कुठला? गिऱ्हाईक फोन करून विचारायचं तर पलीकडून उत्तर यायचं, बाहेर उघडलंत तर वॉरंटी गेली. चांगली बारा-पंधरा वर्षं आमच्याकडे येणारी माणसं दारात उभी राहून विचारायला लागली, "तुम्हाला जमेल ना? नाहीतर कंपनीचा माणूस बोलावतो."

त्याच सुमारास एका कंपनीचा एरिया मॅनेजर दुकानात आला. माझ्याहून बराच लहान, पण पहिल्या दिवसापासून मी त्याला सर म्हणालो. नारपोलीत कंपनीला सर्व्हिस सेंटर काढायचं होतं. त्याला सर्टिफिकेटवाला माणूस हवा होता. सर्टिफिकेट माझ्याकडे होतं. मी म्हटलं, आम्ही दोघं आहोत. तो म्हणाला, "करार एकाच्याच नावावर होतो. आणि त्यांचं शिक्षण काय?"

भाई तिथेच मिक्सरचं भांडं घट्ट करत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मॅनेजर गेल्यावर म्हणाला, "तू जा, भाऊ. दोघांनी कशाला बुडायचं? मी दुकान बघतो."

"पार्ट लागला तर मी आहेच," मी म्हणालो.

"हां. मग काय, आपलाच माणूस आत बसला," तो हसून म्हणाला.

मी नारपोलीत बसलो. काचेचं दार, थंड हवा, अंगात कंपनीचा शर्ट. पहिल्याच आठवड्यात नियम सांगितले गेले. कार्ड दुरुस्त करायचं नाही, बदलायचं. मॉडेल जुनं असेल तर बदलायचंही नाही, नवीन मशीन सुचवायचं. आणि कंपनीचा एकही पार्ट, एक स्क्रूसुद्धा, बाहेरच्या मेकॅनिकला जाता कामा नये.

भाईला मी दोनदा दिला. एकदा पाण्याचा पंप, एकदा दरवाजाचं लॉक. दुसऱ्या खेपेला स्टॉक तपासताना ते सापडलं. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "पुढच्या वेळी करार रद्द." घरी दोन मुलींची शाळा होती. मी पुन्हा देणार नाही असं लिहून दिलं.

तिसऱ्यांदा भाई आला तो दुपारचा, वेटिंगमध्ये तीन-चार माणसं बसलेली असताना. त्याच्याकडे नारपोलीतल्याच एका बाईंचं मशीन आलं होतं. बाईंची सासू अंथरुणाला खिळलेली, दिवसाला चार-चार चादरी धुवाव्या लागत. आमच्या सेंटरनं त्यांना सांगितलं होतं की मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या. हे सांगणारा मीच होतो. भाईनं मशीन उघडून नेमका दोष काढला होता, पण लेप काढताना कार्ड तडकलं.

"एक कार्ड दे," तो काउंटरवर वाकून म्हणाला. अजून त्याला लूममध्ये असल्यासारखं मोठ्यानं बोलायची सवय होती. "आणि येऊन कोड टाक. पाच मिनिटांचं काम आहे. म्हातारी ओल्यात पडलीय रे, भाऊ."

ते कार्ड माझ्या पाठीमागच्या फळीवर होतं. एकच उरलेलं. आणि मॅनेजर केबिनमध्ये होता, त्याचं दार उघडं होतं. त्यानं मान वळवून आमच्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "बाहेरच्या माणसाला पार्ट देत नाही आपण."

हे वाक्य मी तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा म्हणायचो. तोंडात बसलेलं होतं. पण भाईला ते पहिल्यांदा ऐकू आलं. तो सरळ उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या फळीकडे बघितलं. कार्ड तिथे आहे हे त्याला दिसलं आणि त्याला दिसलं हे मलाही दिसलं.

"बाहेरच्या," तो म्हणाला. त्या दिवशी प्रथमच त्याचा आवाज मी हळू ऐकला. "ठीक आहे, साहेब."

साहेब. भाऊ नाही.

मॅनेजर चारला गेला. मी ते कार्ड पिशवीत टाकलं, सेंटर बंद केल्यावर रिक्षा पकडून निजामपुऱ्यापर्यंत गेलो. गल्लीच्या कोपऱ्यावर उतरलो. तिथून दुकान दिसतं. भाई स्टुलावर बसून कुणाशी तरी बोलत होता. मी कोपऱ्यावर उभा राहून एक चहा घेतला. मग दुसरा घेतला. काय तोंडानं जायचं ते सुचेना. उद्या जाऊ म्हटलं आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशी कार्ड गुपचूप फळीवर ठेवून दिलं. त्या बाईंनी मशीन भंगारवाल्याला दिल्याचं पुढे मला कळलं.

बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "भाईला न्हाय म्हनालात?"

"कंपनीचा नियम हाय," मी म्हणालो. घरात मी अजून गावचंच बोलतो.

"नियम कंपनीचा हाय. तोंड तुमचं हाय ना?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

त्यानंतर कितीतरी महिने भाई आला नाही. आणि मग एका सकाळी आला. दाढी नीट केलेली, इस्त्रीचा शर्ट. मागचं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं काउंटरवर एक उर्दू पेपरचं कात्रण ठेवलं आणि बोटानं एकेक शब्द दाखवत मला वाचून दाखवायला लागला.

"मरम्मत का हक़. समजलं? दुरुस्तीचा हक्क. सरकार म्हणतंय, कंपन्यांनी नकाशे द्यायचे, पार्ट द्यायचे, कुणालाही. बाहेरच्यालाही." शेवटचा शब्द उच्चारताना तो हसला, पण टोमणा नव्हता त्यात. खरा आनंद होता. "आता तुला डर नाही. आता तू मला कायद्यानं देशील."

मी म्हटलं, सरांना विचारतो. भाई म्हणाला, विचार, मी बसतो. आणि तो खरंच वेटिंगमधल्या खुर्चीवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेच्या ऑफिसबाहेर पालक बसतात तसा.

मॅनेजर फोनवर हसला. "अहो, तो कायदा नाही, पोर्टल आहे. कंपन्यांना सांगितलंय माहिती टाका म्हणून. आपण टाकलीय की. त्यांना सांगा, बघा."

मी भाईच्या शेजारी बसून त्याच्याच मोबाइलवर ते उघडलं. आमच्या कंपनीचं पान निघालं. मॉडेलनुसार पुस्तिका होत्या. भाईनं चष्मा लावला. मी वाचत गेलो. मशीन सपाट जागी ठेवा. खिशातली नाणी काढा. फिल्टर महिन्यातून एकदा धुवा. दुरुस्तीसाठी अधिकृत सेंटरशी संपर्क साधा. आणि खाली जवळच्या सेंटरचा पत्ता. आमचाच.

भाईनं दोनदा मागेपुढे करून बघितलं. "नकाशा कुठाय?"

"नकाशा नाही, भाई."

"पुढच्या पानावर असेल."

पुढचं पान नव्हतं. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. कात्रणाची घडी घातली. जाताना दारापाशी थांबून म्हणाला, "मी लोकांना थांबवून ठेवलंय रे." मला तेव्हा नीट कळलं नाही. नंतर पानवाल्यानं सांगितलं. भाईनं सात मशीनं दुकानात तशीच ठेवली होती. थोडं थांबा, कायदा येतोय, पार्ट मिळणार, असं तो प्रत्येकाला सांगत होता. घरी बायका हातानं कपडे आपटत होत्या आणि ह्याच्या शब्दावर थांबल्या होत्या. हळूहळू एकेक जण येऊन आपलं मशीन उचलून घेऊन गेला. कुणी काही बोललं नाही म्हणे. शेवटचं मशीन गेलं, त्या महिन्यात दुकानही गेलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

मी तेव्हाही गेलो नाही. ड्युटी होती, हे खरं. पण ड्युटी रविवारी नसते.

भिवंडीच्या बाहेर हायवेला लागून गोडाऊनची रांग आहे. अर्ध्या देशाचा माल तिथून जातो आणि परतही तिथेच येतो. गिऱ्हाइकानं नाकारलेली, कोपरा चेपलेली, एखादा भाग न चालणारी मशीनं तिथे येऊन पडतात. दुरुस्त करून विकण्यापेक्षा मोडीत काढणं कंपनीला सोपं जातं. पण मोडलेलं मशीन कुणी परत जोडून विकू नये, म्हणून प्रत्येकाचा नीट निकाल लावावा लागतो आणि तसा दाखला लागतो. सेंटरवाल्यांनी पाळीपाळीनं जाऊन त्या दाखल्यावर सही करायची. माझी पाळी आली.

पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये मशीनं ओळीनं उभी होती, कित्येकांवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. हेल्मेट आणि चकाकणारं जाकीट घातलेली चार माणसं काम करत होती. मागचं झाकण काढायचं, वायरी कापायच्या, कार्डावर हातोडी मारायची, ड्रमला भोक पाडायचं. त्यातल्या एकाची स्क्रू फिरवायची पद्धत मला ओळखीची वाटली. मनगट न हलवता नुसत्या बोटांनी.

सुपरवायझर माझ्या बाजूला होता. तो अभिमानानं म्हणाला, "हा आमचा सगळ्यात फास्ट माणूस. मशीन कुठून उघडतं, बरोबर माहीत आहे त्याला."

भाईनं मला बघितलं. हेल्मेटखाली तो म्हातारा दिसत होता. सुपरवायझर फोन घ्यायला पाच पावलं बाजूला गेला, तेव्हा भाईनं शेजारच्या लाकडी खोक्यावरचा एक मोठा छापील कागद उचलून माझ्यापुढे धरला.

"भाऊ, बघ."

मशीनचा नकाशा होता. पूर्ण. कार्डाची रेघ न रेघ, प्रत्येक भागाचा नंबर, कुठली वायर कुठून कुठे. इतकी वर्षं तो लग्नपत्रिकांवर जे काढत होता ते सगळं, रंगीत, स्वच्छ छापलेलं.

"मोडायला देतात," तो म्हणाला. "कुठे मारलं की परत जुळत नाही, ते कळावं म्हणून." नकाशावर त्यानं बोट फिरवलं. "मी काढला होता ना, त्यात फक्त एक रेघ चुकली होती. इथली. एकच."

मी म्हणालो, "भाई, तू हे काम सोड. माझ्याकडे..." आणि पुढे माझ्याकडे काय आहे ते मला सांगता येईना.

सुपरवायझर परत आला. भाईनं कागद जागेवर ठेवला. पुढचं मशीन उघडून त्यानं आत बघितलं आणि सवयीनं बोलून गेला, "याचं नुसतं लॉक गेलंय. बाकी कोरं आहे." मग हातोडी उचलून माझ्याकडे वळला. सही माझी होती, म्हणजे विचारायचं मलाच.

"फोडू ना, साहेब?"

मी मान हलवली. त्यानं फोडलं. मी सही केली. त्या दिवशी मी बत्तीस सह्या केल्या आणि प्रत्येक वेळी त्यानं विचारलं. मुद्दाम विचारत नव्हता. तिथला नियमच तसा होता.

पुढच्या वर्षी वरून सूचना आली की काही ठरावीक पार्ट आता काउंटरवर कुणालाही विकायचे. बाहेरच्या मेकॅनिकलाही. कोड टाकायचा मोबाइल मात्र आमच्याकडेच राहणार होता, पण पंप, लॉक, मोटार, काही जुनी कार्डं, एवढं मोकळं झालं. मी त्या दिवशी सुट्टी टाकली. पत्राची झेरॉक्स काढली. भाईला सांगायचं होतं, दुकान पुन्हा उघडू. मीही येतो. सेंटर सोडतो. हे सगळं मी रिक्षात मनात जुळवत गेलो. कुठल्या वाक्यापासून सुरुवात करायची तेही ठरवलं होतं.

भाईच्या घराचं दार भाभींनी उघडलं. मला बघून त्या बाजूला झाल्या. "या. बसा."

"भाई ड्युटीवर?"

त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळलं?"

तीन महिने झाले होते. गोडाऊनमधून घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला, पाणी मागितलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. निजामपुरा ते नारपोली रिक्षानं कितीसं अंतर? पण मला कुणी कळवलं नव्हतं. मला कळवायला हवं हे कुणाच्या लक्षात यावं, असं मी काही ठेवलंच नव्हतं.

"मी म्हटलं होतं त्यांना एकदा," भाभी म्हणाल्या, "तब्येत बरी नसते तुमची, भाऊंना सांगू का. तर म्हणाले, राहू दे, त्यांना ड्युटी असते."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलायचा?"

त्यांनी खरंच आठवून बघितलं. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हेत. "काही नाही बोलायचे. चांगलं पण नाही, वाईट पण नाही."

माझ्या खिशात ती झेरॉक्स होती. ती काढायची हिंमत झाली नाही. भाभी चहा करायला उठल्या. दूध ओट्यावर, पाण्याच्या परातीत ठेवलेलं होतं. शेजारी फ्रिज उभा होता, दार अर्धवट उघडं आणि आत कांदे-बटाटे, घडी केलेल्या पिशव्या.

"बंद आहे?"

"दीड वर्ष झालं. रोज म्हणायचे, रविवारी बघतो. गोडाऊनला जायला लागले तेव्हापासून घरात पाना हातात घेतला नाही त्यांनी. मी जास्त बोलले तर चिडायचे. म्हणायचे, माझा हात आता तोडायला शिकलाय, हे पण तोडून ठेवीन."

मी उठून फ्रिज भिंतीपासून ओढला. हत्यारं भाईचीच होती, पलंगाखालच्या पेटीत, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. मागची जाळी उघडली. कॉम्प्रेसरला सुरू करणारा रिले जळला होता. भिवंडीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी साधी, अंगठ्याएवढी वस्तू. त्याला कंपनी लागत नाही, कोड लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. मी कोपऱ्यावरून आणली आणि बसवली. दहा मिनिटं लागली असतील. भाईला पाच लागली असती.

फ्रिज घरघरला आणि आत दिवा लागला. भाभींनी कांदे-बटाटे बाहेर काढले, ओल्या फडक्यानं फळ्या पुसल्या, दुधाचं पातेलं आत ठेवलं आणि दार लावलं. मग पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसल्या. मीही खाली बसलो. चहा कुणीच केला नाही.

निघताना मी म्हटलं, "काही लागलं तर सांगा, भाभी." त्या हो म्हणाल्या. सांगणार नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला सेंटर उघडायचं होतं. उघडलं. साडेदहाला शहापूरकडचा एक मेकॅनिक आला, जुन्या मॉडेलच्या मशीनचं लॉक मागत होता. मी त्याला ते फळीवरून काढून दिलं.